इलेक्ट्रोडमधील अंतर आणि विद्युत अपघटनाचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात शाळांच्या विज्ञान मेळ्यांचे दिवस जवळ आले, की दांडिया बाजारातील आमच्या रविवारच्या प्रयोगवर्गात एक विषय हमखास येतो: द्रावणात बुडवलेल्या दोन इलेक्ट्रोडमधील अंतर कमी-जास्त केल्यास विद्युत अपघटनाचा, म्हणजे वीज सोडून द्रावणातील पदार्थ वेगळे करण्याच्या क्रियेचा, वेग किती बदलतो? प्रयोग सोपा दिसतो, साहित्य रावपुऱ्यातील एका फेरीत मिळते, आणि तरीही बहुतेक वह्यांमधील निष्कर्ष अर्धाच असतो. खालील प्रश्न मुलांनी, पालकांनी आणि क्वचित शिक्षकांनीही विचारलेले आहेत.

शब्दांविषयी आधी एक खुलासा करतो. गुजराती माध्यमातील मुले या क्रियेला विद्युतविभाजन आणि इलेक्ट्रोडला विद्युतध्रुव म्हणतात. मराठी पुस्तकांत विद्युत अपघटन आणि विद्युतअग्र हे शब्द येतात. घरी ज्याला मोरचूद (कॉपर सल्फेट) म्हणतात, तेच दुकानात मोरथूथू या नावाने मागावे लागते. येथे मराठी शब्द वापरले आहेत. इलेक्ट्रोड हा शब्द मात्र सर्वांच्या तोंडी असल्यामुळे तसाच ठेवला आहे.

अंतर वाढवले की अपघटनाचा वेग कमी होतो, हे बरोबर आहे का?

विभवांतर (व्होल्टेज) स्थिर ठेवले असेल, तर बरोबर आहे. ही अट वह्यांमध्ये जवळजवळ कधीच लिहिलेली नसते, आणि तिच्याशिवाय ते विधान अपुरे राहते. मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास दाखवून दिले, की इलेक्ट्रोडवर साचणाऱ्या किंवा मुक्त होणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान केवळ परिपथातून गेलेल्या विद्युतप्रभाराच्या प्रमाणात असते. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६,४८५ कूलोम असतो, आणि तांब्याच्या एका आयनाला (प्रभारित अणूला) दोन इलेक्ट्रॉन लागतात. त्यामुळे १ अँपिअर धारा (वीजप्रवाह) एक तास वाहिली तर सुमारे १.१९ ग्रॅम तांबे ऋणाग्रावर, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडवर, बसते. या हिशेबात अंतर कोठेही येत नाही. अंतराने द्रावणाचा रोध (विजेला होणारा अडथळा) बदलतो, रोधाने धारा बदलते आणि धारेने वेग बदलतो. ही तीन पायऱ्यांची साखळी वहीत लिहिली, तर पुढचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

आयनांना जास्त अंतर चालावे लागते म्हणून वेळ लागतो, असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही, आणि हे स्पष्टीकरण इतके सर्रास लिहिले जाते की त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या ४ सेंमी अंतरावर आहेत आणि त्यांच्यामध्ये १ व्होल्ट विभवांतर आहे असे समजू. म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला पाव व्होल्ट उतार आहे. फार विरल द्रावणात तांब्याच्या आयनाची गतिशीलता (दिलेल्या उतारावर तो किती वेगाने सरकतो याचे माप) दर व्होल्ट-सेकंदाला सुमारे ०.०००५६ चौरस सेंमी असते. म्हणजे या उतारावर आयन तासाला जेमतेम ५ मिलिमीटर सरकतो आणि पूर्ण ४ सेंमी पार करण्यास त्याला सुमारे आठ तास लागतील. मोरचुदाच्या दाट द्रावणात तर तो याहूनही मंद असतो. प्रत्यक्षात बटण दाबताच ऋणाग्रावर तांबे बसू लागते, कारण तेथे जे आयन अगोदरपासून लगत आहेत त्यांनाच इलेक्ट्रॉन मिळतात. समोरच्या पट्टीवरून निघालेल्या आयनाची कोणी वाट पाहत नसते.

मग अंतर वाढल्याने नेमके काय होते? तोच १ व्होल्ट आता अधिक लांबीवर वाटला जातो, उतार सौम्य होतो, आणि द्रावणातील सगळेच आयन एकाच वेळी मंद सरकू लागतात. दर सेकंदाला कोणत्याही एका छेदातून जाणारा प्रभार म्हणजे धारा, आणि ती कमी होते.

हा परिणाम आकड्यांत किती असतो?

आयताकृती कुंड घेतले आणि पट्ट्या कुंडाच्या रुंदीइतक्या व द्रावणाच्या खोलीइतक्या असल्या, तर द्रावणाचा रोध म्हणजे अंतर भागिले वाहकता (द्रावण किती सहज वीज वाहून नेते याचे माप) व छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार. आमच्या वर्गातील ॲक्रिलिकचे कुंड ८ सेंमी रुंद आहे आणि त्यात ५ सेंमी खोलीपर्यंत द्रावण भरतो, म्हणजे छेद ४० चौरस सेंमी होतो. लिटरला सुमारे १२५ ग्रॅम मोरचूद घातलेल्या द्रावणाची वाहकता हिशेबासाठी ०.०२५ सीमेन्स प्रति सेंमी धरू. तर २ सेंमी अंतराला २ ओहम, ४ सेंमीला ४ ओहम आणि ८ सेंमीला ८ ओहम असा सोयीचा हिशेब निघतो. १ व्होल्ट दिल्यास धारा अनुक्रमे ०.५, ०.२५ आणि ०.१२५ अँपिअर येते, आणि अर्ध्या तासात ऋणाग्रावर अनुक्रमे सुमारे ०.३०, ०.१५ आणि ०.०७ ग्रॅम तांबे बसते.

प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी येतात, कारण पट्टीच्या पृष्ठभागावर क्रिया घडवण्यासाठीही विभवांतराचा काही भाग खर्च होतो. शेवटच्या अंतरावरील सात शतांश ग्रॅम वजन करण्यासाठी किराणा दुकानातील काटा उपयोगाचा नाही. दोन दशांश स्थळांचा सराफी काटाही येथे अपुरा पडतो. याहून अचूक काटा नसेल तर वजनाऐवजी धाराच मोजावी. फॅरडेच्या नियमामुळे ती मोजणे म्हणजे वेगच मोजणे होय, आणि माझ्या मते शालेय पातळीवर हाच अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

आम्ही अंतर निम्मे केले, पण धारा दुप्पट झाली नाही. चूक कोठे झाली?

बहुधा कोठेच नाही. परिपथात द्रावणाचा रोध एकटा नसतो. तारा, मगरपकडी, ॲमीटर आणि बॅटरी यांचाही रोध असतो, आणि अंतर बदलल्याने त्यात काहीच फरक पडत नाही. द्रावणाचे ४ ओहम आणि बाकीचे २ ओहम असतील, तर अंतर निम्मे केल्यावर एकूण रोध ६ वरून ४ वर येतो, म्हणजे धारा दीडपट होते. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरल्यास हा दोष आणखी वाढतो, कारण तिचा अंतर्गत रोध मुळातच मोठा असतो आणि ती उतरू लागली की तो वाढत जातो. पहिल्या वाचनाची आणि पाचव्या वाचनाची बॅटरी एकच राहिलेली नसते. नियंत्रित विभवांतराचा अडॅप्टर घ्यावा आणि व्होल्टमीटर थेट पट्ट्यांना जोडावा.

पाण्याचे अपघटन करत असल्यास आणखी एक वजाबाकी करावी लागते. पाणी फुटण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला किमान १.२३ व्होल्ट लागतात, आणि इलेक्ट्रोडवरील अतिविभवामुळे (पृष्ठभागावर क्रिया घडवण्यासाठी लागणाऱ्या जादा व्होल्टमुळे) घरगुती साहित्यात ठळक बुडबुडे दिसण्यास साधारण २ व्होल्टच्या आसपास जावे लागते. अंतर कितीही कमी केले तरी हा हप्ता चुकत नाही. ६ व्होल्टमधून तो वजा करून जे ४ उरतात, तेवढेच द्रावणातून धारा ढकलण्यास उपलब्ध असतात. मोरचुदात दोन्ही पट्ट्या तांब्याच्या असल्या तर एका बाजूला तांबे विरघळते आणि दुसऱ्या बाजूला तेच बसते. त्यामुळे किमान विभवांतराचा हा मुद्दा जवळजवळ नाहीसा होतो. अंतराचा परिणाम स्वच्छपणे दाखवायचा असेल तर पाण्यापेक्षा मोरचूद निवडावे, असे मी सुचवतो ते याच कारणाने.

पेन्सिलीचे शिसे वापरून अंतर दुप्पट केले, तरी फरक अगदी थोडा पडला. असे का?

पहिल्या वर्षी आमच्या वर्गाचीही हीच फजिती झाली होती, आणि दोन रविवार आम्ही तारांना दोष देत बसलो होतो. दोष भूमितीचा होता. रोध अंतराच्या प्रमाणात वाढतो हा नियम धारेचा मार्ग सर्वत्र सारख्या जाडीचा असेल तेव्हाच लागू होतो, म्हणजे पट्ट्यांनी कुंडाचा पूर्ण छेद व्यापलेला असावा लागतो. मोठ्या भांड्यात बारीक कांड्या उभ्या केल्या तर धारा कांडीपासून पंख्यासारखी पसरते, मधल्या भागात तिला ऐसपैस जागा मिळते आणि बहुतेक रोध कांडीच्या अगदी लगतच्या द्रवात एकवटतो. अशा रचनेत रोध अंतराच्या लॉगॅरिथमप्रमाणे वाढतो. शिसे २ मिमी जाडीचे असून केंद्रांमधील अंतर २ सेंमीवरून ४ सेंमी केले, तर पुरेशा मोठ्या भांड्यात रोध साधारण २३ टक्केच वाढतो. चहाच्या पेल्यात काचेच्या भिंतीही धारेला अडवतात, तेव्हा उत्तर आणखी वेगळे येते.

कांड्याच वापरायच्या असतील तर प्रयोगाचा विषय बदलावा आणि पट्ट्या व कांड्या यांची तुलना करावी. परीक्षकांना असा तक्ता सहसा पाहायला मिळत नाही.

धारा स्थिर ठेवली तर अंतराचा काय परिणाम होतो?

वेगावर काहीच नाही. धारा ०.२५ अँपिअरवर बांधून ठेवणारा पुरवठा असेल, तर २ सेंमी अंतरावर आणि ८ सेंमी अंतरावर अर्ध्या तासात तेवढेच तांबे बसेल. फक्त वरील कुंडात पुरवठ्याला अर्ध्या व्होल्टऐवजी २ व्होल्ट लावावे लागतील. म्हणजे तेच तांबे मिळवण्यासाठी चौपट वीज खर्च होईल आणि जास्तीची वीज द्रावण तापवण्यात जाईल. शक्य असेल त्यांनी हा प्रयोग दोन्ही पद्धतींनी करावा. विभवांतर स्थिर असता अंतराचा परिणाम वेगात दिसतो आणि धारा स्थिर असता तो वीजबिलात दिसतो, हे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडले की विषयाचा गाभा समजावून सांगण्यास वेगळे भाषण लागत नाही.

आलेख कोणता काढावा?

धारा आणि अंतर यांचा आलेख वक्र येतो आणि तो पाहून फारसे काही ठरवता येत नाही. त्याऐवजी धारेचा व्यस्त, म्हणजे एक भागिले धारा, उभ्या अक्षावर आणि अंतर आडव्या अक्षावर घ्यावे. पट्ट्या पूर्ण छेदाच्या असल्यास बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. रेषा शून्यातून न जाता उभ्या अक्षाला थोडी वर छेदते, आणि पुरवठ्याच्या टोकांवर विभवांतर मोजले असेल तर त्या छेदात तारा व ॲमीटर यांचा रोध दडलेला असतो. रेषेच्या उतारावरून द्रावणाची वाहकताही काढता येते. किमान सहा अंतरे घ्यावीत, आणि ती चढत्या क्रमाने न घेता उलटसुलट घ्यावीत. याचे कारण पुढील उत्तरात आहे.

एकाच अंतरावर धारा हळूहळू वाढत जाते. कोणते वाचन खरे मानावे?

धारा वाहत असताना द्रावण तापते, आणि तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी सुरू केलेला प्रयोग आणि जानेवारीच्या सकाळी केलेला प्रयोग यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे अंतर न बदलताही धारेत मोठी तफावत येऊ शकते. विभवांतर स्थिर असता अंतर कमी केल्यावर उष्णताही अधिक निर्माण होते, त्यामुळे जवळच्या अंतराची वाचने फुगलेली दिसतात. प्रत्येक वाचनापूर्वी तापमापी पाहावी, धारा मोजण्यापुरतीच चालू ठेवावी आणि मध्ये द्रावण निवू द्यावे. अंतरे चढत्या क्रमाने घेतली तर तापण्याचा परिणाम आणि अंतराचा परिणाम एकमेकांत मिसळतात आणि नंतर ते वेगळे करता येत नाहीत.

मग इलेक्ट्रोड अगदी चिकटवूनच का ठेवू नयेत?

एक तर ते टेकले की शॉर्ट सर्किट होते आणि अपघटन थांबते. मोरचुदात धारा जास्त असेल तर ऋणाग्रावर तांबे सपाट न बसता झाडाच्या फांद्यांसारखे वाढते आणि एखादी फांदी समोरच्या पट्टीला जाऊन भिडते.

पाण्याच्या बाबतीत अडचण बुडबुड्यांची आहे. वायू वीज वाहून नेत नाही. अरुंद फटीत बुडबुडे अडकले की वाहक द्रवाची जागा कमी होते. फटीतील तीस टक्के जागा बुडबुड्यांनी व्यापली, तर सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार वाहकता मूळच्या ५९ टक्क्यांच्या आसपास उरते. त्यामुळे अंतर कमी करत गेल्यास रोध आधी कमी होतो, आणि एका टप्प्यानंतर तो कमी होणे थांबते किंवा उलट वाढूही लागतो. पट्ट्या उभ्या ठेवल्या, फटीचा वरचा भाग मोकळा ठेवला आणि द्रव फिरता ठेवला तर हा टप्पा लांबवता येतो. त्याखेरीज जवळच्या इलेक्ट्रोडवरील हायड्रोजन व ऑक्सिजन एकमेकांत मिसळतात, आणि ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावते.

शालेय कुंडात मी २ सेंमीच्या खाली जाऊ देत नाही.

विभवांतर वाढवत नेले तरी धारा एका मर्यादेपुढे जाईना. येथेही अंतर कारणीभूत आहे का?

नाही. ऋणाग्रालगतच्या एक मिलिमीटरच्याही आतील थरात आयन संपू लागतात आणि बाहेरून ते विसरणाने (आपोआप पसरत) जेवढे येतील तेवढीच धारा वाहू शकते. या थराची जाडी ढवळण्यावर अवलंबून असते, समोरची पट्टी किती दूर आहे यावर नाही. काचेच्या कांडीने द्रावण ढवळून पाहावे. धारा लगेच वाढली तर मर्यादा आयनांच्या पुरवठ्याची होती, रोधाची नव्हे.

नळाचे पाणी वापरावे की शुद्ध पाणी, आणि त्यात काय मिसळावे?

नुसते पाणी कोणतेही असले तरी निराशा होते. नळाच्या पाण्याची वाहकता ०.०००५ सीमेन्स प्रति सेंमी धरली, तर वरील कुंडात ४ सेंमीला २०० ओहम रोध येतो, उपलब्ध ४ व्होल्टला २० मिलिअँपिअर धारा मिळते आणि दहा मिनिटांत हायड्रोजन अवघा दीड मिलिलिटर जमतो. ऊर्ध्वपातित पाण्यात तर धारा जवळजवळ नाहीच. येथे अंतराचा परिणाम टक्केवारीत ठळक असतो, पण मोजण्यासारखे काही हाती लागत नाही. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवावा आणि प्रत्येक वाचनाला तेच द्रावण वापरावे.

मीठ घालू नये. मिठाच्या द्रावणात धनाग्रावर (धन टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडवर) क्लोरीन निघतो, आणि बंद खोलीत तो घातक ठरतो. स्टेनलेस स्टीलचे चमचेही धनाग्र म्हणून वापरू नयेत, कारण त्यातील क्रोमियम विरघळून विषारी संयुगे बनू शकतात. वीजपुरवठा १२ व्होल्टपर्यंतचा, एकदिश असावा. घरातील प्लगमधून थेट तार आणण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ देऊ नये.

कारखान्यांत इलेक्ट्रोडमधील अंतर किती ठेवतात?

उद्योगाप्रमाणे उत्तर बदलते. आपल्याच शहराजवळ रणोलीच्या पट्ट्यात गुजरात अल्कलीज अँड केमिकल्स या १९७३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे. मिठाच्या द्रावणापासून क्लोरीन, हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या या उद्योगात पटल-घट, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमध्ये पातळ पडदा (मेंब्रेन) असलेले घट, वापरले जातात. अशा घटांत इलेक्ट्रोडमधील फट वर्षानुवर्षे काही मिलिमीटरवरून कमी होत गेली, आणि आधुनिक रचनेत दोन्ही इलेक्ट्रोड पटलाला जवळजवळ टेकलेलेच असतात. ते जाळीदार असतात, त्यामुळे बुडबुडे मागच्या बाजूने निसटतात आणि पटलामुळे वायू मिसळत नाहीत. शाळेच्या कुंडात ज्या दोन अडचणी येतात, त्या दोन्ही येथे अशा सोडवलेल्या आहेत. एका घटाला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि धारा हजारो अँपिअर असते, त्यामुळे व्होल्टचा दहावा भाग वाचला तरी बिलात तो जाणवतो.

ॲल्युमिनियमचे उदाहरण मात्र उलट दिशेने विचार करायला लावते. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीत, सुमारे ९६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या द्रवात कार्बनचे धनाग्र आणि खालचे वितळलेले ॲल्युमिनियम यांत ४ ते ५ सेंमी अंतर राखतात. हे अंतर कमी केले तर वीज वाचेल, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रचंड धारेच्या चुंबकीय बलाने खालचा धातू लाटांसारखा हलतो, तो धनाग्राला टेकू शकतो, आणि तयार झालेले ॲल्युमिनियम वायूच्या संपर्कात येऊन पुन्हा ऑक्साइड बनते. शिवाय द्रव वितळलेला ठेवणारी उष्णता याच रोधातून मिळते. येथे रोध हा निव्वळ तोटा नसतो.

मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांत प्रश्न वेगळाच असतो. वस्तू वेडीवाकडी असली की तिचा धनाग्राजवळचा कोपरा जास्त धारा ओढतो आणि तेथे थर जाड बसतो, तर खोबणी कोरडी राहते. म्हणून प्लेटिंगवाले वस्तू मुद्दाम थोडी दूर टांगतात. अंतर मोठे झाले की जवळच्या आणि लांबच्या भागांतील फरक प्रमाणाने लहान होतो. वेग थोडा गमावून सारखेपणा मिळवायचा, असा हा सौदा आहे.

प्रयोग संपल्यावर मोरचुदाचे द्रावण कोठे टाकावे?

मोरीत किंवा गटारात टाकू नये. तांब्याचे क्षार मासे आणि शेवाळ यांना विषारी असतात, आणि आपल्या विश्वामित्रीत मगरींखेरीजही बरेच काही जगते. पट्ट्या काढून द्रावण बाटलीत भरून ठेवल्यास ते पुढील वर्षी पुन्हा वापरता येते, आणि आम्ही तसेच करतो. टाकायचेच असेल तर त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. वायूचे बुडबुडे येतील, म्हणून भांडे मोठे घ्यावे. निळसर-हिरवा साका खाली बसून वरचे पाणी रंगहीन झाले की ते फडक्यातून गाळावे आणि साका वाळवून, पुडीत बांधून, शाळेच्या प्रयोगशाळेतील रासायनिक कचऱ्यात द्यावा. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून, धुऊन, कोरड्या करून ठेवाव्यात, अन्यथा पुढच्या वेळी पहिली दोन वाचने त्यांच्यावरील काळ्या थराचीच येतात.